ताईची गोळी

छातीवर चिकटवलेल्या चकत्या नर्स एकेक करून ओढून काढत होती आणि थोरली पडल्या पडल्या डॉक्टरला सांगत होती की या गोळीने आपल्याला पुन्हा माणसात आणलं. पूर्वी जिना चढताना, बसमध्ये, कधी तर नुसतं वर्तमानपत्र वाचतानाही छातीत कोंबडी फडफडल्यासारखं व्हायचं. आता नाव नाही. रोज सकाळी ती बागेत फेऱ्या मारून यायची आणि वाटेत भेटणाऱ्या तरुण मंडळींना पाठ ताठ ठेवायला सांगायची.

डॉक्टर खिडकीपाशी उभी राहून आलेखाची लांब पट्टी वाचत होती. शाळेत ती थोरलीची विद्यार्थिनी. खेळाच्या तासाला उशिरा आली म्हणून थोरलीने तिला कितीदा तरी मैदानाभोवती पळायला लावलं होतं. आता ती नावाजलेली हृदयरोगतज्ज्ञ झाली होती, पण थोरली आत आली की अजूनही खुर्चीतून उठायची आणि ‘बाई’ म्हणायची. शहरात चांगले डॉक्टर पुष्कळ होते. उठून उभी राहणारी ही एकच, म्हणून थोरली हिच्याकडेच यायची.

"आलेख छान आहे, बाई."

"असणारच. आणि नुसती मीच नाही," शर्टाची बटणं लावत थोरली म्हणाली, "आमच्या बेबीलाही तुझ्या गोळीने गुण आलाय."

डॉक्टरने पट्टी खाली ठेवली आणि बेबी कोण ते विचारलं.

बेबी म्हणजे धाकटी बहीण. सत्तरी उलटली, केस पांढरे झाले, तरी बेबीच. थोरलीने सगळं मोठ्या कौतुकाने सांगितलं. बेबीलाही हल्ली तसंच धडधडायला लागलं होतं, अगदी हुबेहूब तसंच. मागे डोस कमी केला तेव्हा थोरलीकडे गोळ्यांच्या काही पट्ट्या उरल्या होत्या. फेकून कशाला द्यायच्या, म्हणून तिने त्या बहिणीला नेऊन दिल्या, कशा घ्यायच्या ते समजावून सांगितलं, आणि आठवडा उलटायच्या आत बेबीचा फोन आला की ताई, जादू झाली गं, धडधड गेली.

बहिणीचं हृदय कसं आहे, असं डॉक्टरने विचारलं. थोरली म्हणाली की तसं जरा थकलेलंच आहे. मागे एक वाईट ताप येऊन गेला, तेव्हापासून हृदयाचा पंप पुरेसा चालत नाही म्हणतात. पाय सुजतात. अंगातलं पाणी काढायची गोळी असते. झोपताना उशा जास्त लागतात. तिचे डॉक्टर वेगळे, मोठ्या इस्पितळातले, त्यांची वेळ मिळता मिळत नाही, आणि बेबीचा स्वभाव असा की...

बोलता बोलता थोरलीच्या लक्षात आलं की डॉक्टर फोन हातात घेऊन बेबीचा नंबर मागते आहे.

फोन बंद होता. डॉक्टरने पुन्हा लावला, पुन्हा बंद. मग तिने स्टूल ओढलं, थोरलीच्या समोर बसली आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. बाईंचा हात हातात घेतला.

"बाई, नीट ऐका. तुमचं हृदय दणकट आहे, त्याचा फक्त ताल चुकतो. म्हणून तुम्हाला ही गोळी चालते. ज्यांचं हृदयच कमजोर झालंय त्यांना आम्ही ही देतच नाही. तशा हृदयात हीच गोळी ताल बिघडवू शकते. कधी कधी इतका की हृदय थांबतं."

"पण तिला बरं वाटतंय."

"वाटेल ना. आदल्या क्षणापर्यंत बरं वाटेल."

थोरलीने हात सोडवून घेतला आणि चपला शोधू लागली. बेबी या वेळी नाट्यगृहात असते. तालमीच्या वेळी तिथे सगळ्यांचे फोन बंद करून ठेवतात. डॉक्टर म्हणाली की बाईंनी इथेच बसावं, ती दवाखान्याची गाडी पाठवते. गाडी बाहेर गेलेली होती, परतायला थोडा वेळ लागणार होता. हे बोलणं नर्सशी चाललं होतं तोवर थोरली जिन्यापर्यंत पोचली होती. डॉक्टर जिन्याच्या कठड्यावरून वाकून सांगत राहिली की आता एकही गोळी घेऊ देऊ नका, तिला तडक इथे घेऊन या, आणि तिला भोवळ आली असेल तर क्षणभरही न थांबता फोन करा.

बस लगेच मिळाली. थोरली ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसली, कडेला, उठायच्या तयारीने. पुलापलीकडे नळ घालण्यासाठी रस्ता खणून ठेवला होता आणि एका बाजूने येणाऱ्या गाड्या सोडल्या की दुसऱ्या बाजूच्या सोडत होते. बस उभी राहिली. इंजिन बंद झालं. थोरलीने दार उघडायला सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, थांबा आल्याशिवाय दार उघडता येत नाही, नियम आहे. तेव्हा थोरलीने उभ्या आयुष्यात मैदानावर वापरलेला आवाज काढला. शब्द फक्त एकच होता, "दार." बसमधल्या सगळ्यांनी पाठी ताठ केल्या आणि दार उघडलं.

ती चालू लागली. चालणं तिला नवीन नव्हतं, पण आज पाय तिचे वाटेनात. आजवर या बहिणीला तिने काय दिलं नव्हतं? लहानपणी आपले आखूड झालेले कोट, बेबीच्या पायाला मोठे होणारे बूट. पुढे खोकल्याची औषधं, गुडघ्याला बांधायचे पट्टे, कानटोप्या, कुठल्या दुकानातून काय घ्यावं याबद्दलची मतं. एकदा तर स्वतःला सांगून आलेलं स्थळसुद्धा. मुलगा चांगला आहे पण फार हळू बोलतो, असं म्हणून थोरलीने ते बहिणीकडे वळवलं होतं, आणि बेबीने त्या हळू बोलणाऱ्या माणसाबरोबर तो असेपर्यंत सुखाने संसार केला होता. थोरली स्वतः अविवाहितच राहिली. बेबी होती म्हणून तिला कधी एकटं वाटलं नाही.

चौकात सिग्नलला थांबावं लागलं तेव्हा तिने छातीवर हात ठेवला. आत सगळं शांत होतं, एका लयीत, शिस्तीत चाललेलं. तिला स्वतःच्या हृदयाचा संताप आला. तिने हात खिशात घातला.

नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी रखवालदार पंख्याची पाती पुसत बसला होता. त्याने ओळखून हात वर केला. थोरली तशीच आत शिरली. बोळात ताज्या रंगाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. भिंतीला टेकून रंगवलेली झाडं उभी होती. बेबी गेली कित्येक वर्षं इथला कपडेपट सांभाळायची. राजापासून भालदारापर्यंत कुणाच्या अंगावर काय चढेल, कुठे दोरा घालावा लागेल, कुणाचं पोट किती सुटलंय, सगळं तिला ठाऊक. कपडेपटाच्या खोलीत दिवा चालू होता. शिवणयंत्रावर अर्धवट शिवलेली बाही पडली होती. खुर्ची रिकामी होती.

पलीकडून माणसांचे आवाज येत होते. थोरली त्या दिशेने गेली आणि पडद्याच्या कडेला येऊन थांबली.

रंगमंचाच्या मधोमध एका लांब कोचावर बेबी पडली होती. एक हात खाली लोंबकळत होता. तोंड किंचित उघडं. भोवती चार-पाच माणसं उभी होती आणि कुणीही काहीही करत नव्हतं.

"डॉक्टरला आधीच बोलवायला हवं होतं," एक उंच गृहस्थ म्हणाला.

"आता बोलून काय उपयोग," रुमालाने डोळे टिपत एक बाई म्हणाली.

थोरली कशी पुढे गेली ते तिला नंतरही आठवलं नाही. ती कोचापाशी गुडघ्यांवर बसली होती, तो लोंबकळणारा हात तिने धरला होता आणि मनगटावर नाडी शोधत होती. शेकडो मुलींची नाडी पाहिलेली तिची बोटं इतकी थरथरत होती की त्यांना काहीच लागेना. तिने "बेबी" म्हणून हाक मारली. मैदानावरचा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता.

मेलेल्या बाईने एक डोळा उघडला.

"ताई, मी मेलेय," ती ओठ न हलवता म्हणाली. "अंक संपेपर्यंत थांब."

नंतर नाटकमंडळी ही हकीगत पुष्कळ दिवस सांगत होती, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात इथे काय झालं ते वेगळं असायचं. कुणी म्हणे ती रडली, कुणी म्हणे हसली, उंच गृहस्थाच्या मते तिने बहिणीला एक चापटही मारली. खरं म्हणजे तिने तिन्ही गोष्टी केल्या. दिग्दर्शकाने चहाची सुट्टी जाहीर केली.

कपडेपटाच्या खोलीत दोघी समोरासमोर बसल्या. धाकटीच्या अंगावर मृत मावशीचा जांभळा झगा होता. झगा तिनेच शिवला होता. ही भूमिका करणारी बाई गाव सोडून गेली, नवीन बाई मिळेना, आणि झगा आता धाकटीशिवाय कुणालाच बसेना, म्हणून दिग्दर्शकाने तिलाच कोचावर झोपवलं. दुसरा अख्खा अंक मावशी मेलेली असते आणि नातेवाईक तिच्याभोवती भांडतात. संवाद एकही नाही. ताईला तिने मुद्दाम सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कसं मरायचं ते शिकवायला ताई रोज तालमीला येऊन बसली असती.

थोरलीने या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. गोळ्या कुठे आहेत, एवढंच तिने विचारलं. मग डॉक्टरने जे सांगितलं ते तिने सांगितलं, एका दमात, मान खाली घालून, परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारखं. सांगून झाल्यावर म्हणाली की चल, ऊठ, झगा राहू दे अंगावर.

धाकटीने पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. तळाशी हात घालून तिने गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या आणि शिवणयंत्रावर ठेवल्या. एकही घर फुटलेलं नव्हतं.

थोरलीने एकेक पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"तू घेतल्याच नाहीस."

"नाही."

"एकही?"

"ताई, तू दिलेलं औषध मी कधीच घेतलं नाही," धाकटी म्हणाली. "खोकल्याचं कडू औषधसुद्धा नाही. ते मोरीत ओतायचे मी. तुला सांगायचे, बरं वाटलं."

थोरलीच्या चेहऱ्यावरून एकामागोमाग एक बरंच काही सरकून गेलं. ओझं उतरल्याचं सुख होतं, आणि ते सुख पुरतं मुरायच्या आत साठ-पासष्ट वर्षांचा अपमान वर आला. तिने गुडघ्याच्या पट्ट्यांबद्दल विचारलं. ते रखवालदाराला दिले होते, त्याला खूप उपयोग झाला. कानटोप्या तिसऱ्या अंकातल्या चोरांच्या डोक्यावर होत्या.

"मग माझं तू घेतलंस तरी काय?"

धाकटीने क्षणभर विचार केला. "ते स्थळ," ती म्हणाली. "ते फार चांगलं निघालं."

आधी थोरली हसली नाही. तिने हसू दाबून ठेवायचा प्रयत्न केला, खांदे हलायला लागले, आणि मग दोघीही इतक्या हसल्या की धाकटीला धाप लागली आणि तिने टेबलाची कड धरली. एक हात छातीवर ठेवून ती डोळे मिटून थांबली. थोरलीचं हसू जागच्या जागी थिजलं. या बहिणीला तिने आत्ताच मेलेलं पाहिलं होतं, पण आता जे दिसत होतं ते नाटकातलं नव्हतं.

"धडधड गेलेली नाही," थोरली म्हणाली.

धाकटीने मान हलवली. नाही गेली. उलट वाढली होती. पण धडधड गेली असं फोनवर सांगितलं तेव्हा ताई इतकी खूश झाली, इतकी खूश झाली, की नंतर खरं सांगायला जीभच उचलेना. आणि बरं वाटलं असं ताईला सांगितल्यावर डॉक्टरकडे जायचं तरी कुठल्या तोंडाने?

दिग्दर्शकाला सांगून त्या निघाल्या. दवाखान्याची गाडी तोवर मागच्या दाराशी येऊन उभी राहिली होती.

डॉक्टरच्या दवाखान्यात वाट पाहायच्या खोलीत गारवा होता. धाकटीचा आलेख काढून झाला होता आणि डॉक्टर आत मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलत होती. झग्यावर कुणाचं तरी जाकीट घातलेली धाकटी खुर्चीत पाय जवळ घेऊन बसली होती. थोरलीने नेहमीप्रमाणे आपला स्वेटर काढला, बहिणीच्या खांद्यावर टाकायला हात पुढे केले, आणि तिचे हात मध्येच थांबले.

"थंडी वाजतेय का तुला?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न ताईच्या तोंडून तिने यापूर्वी ऐकलेला नसावा.

"नाही," ती म्हणाली.

"बरं." थोरलीने स्वेटर पुन्हा स्वतःच्या अंगात घातला. बाह्या ओढून सारख्या केल्या. थोड्या वेळाने धाकटी म्हणाली की चहा मात्र चालेल, आणि थोरली उडी मारून उठली.

डॉक्टरने दोघींना एकत्रच आत बोलावलं. गोळ्या घेतल्या नाहीत हे मोठंच भाग्य, असं ती म्हणाली, पण अशा हृदयाची धडधड लपवून ठेवणं हेही काही कमी धोक्याचं नाही. पायांवरची सूज वाढली होती. ताल बिघडल्यामुळे थकलेलं हृदय आणखी थकत होतं. त्याच संध्याकाळी मोठ्या इस्पितळात तिला दाखल करून घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी काही दिवस ठेवून घेतलं, पाणी काढलं, आणि कमजोर हृदयाला झेपणारं दुसरं औषध आलेखावर नजर ठेवून सुरू केलं. तेही काही साखरेच्या गोळीसारखं निरुपद्रवी नव्हतं. ते कधी कधी गळ्यातल्या ग्रंथीला त्रास देतं, कधी यकृताला, कधी फुफ्फुसांना, म्हणून ठरलेल्या वेळी रक्त तपासायचं, उन्हात जपायचं, श्वास लागला तर लगेच यायचं. थोरली कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत होती. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. डॉक्टरांनी विचारलं की तुम्ही काही दुसरं औषध घेता का, कुणी दिलेलं, तेव्हा धाकटी म्हणाली, "नाही, आमच्याकडे कुणी काही देत नाही," आणि थोरलीने खिडकीबाहेर पाहिलं.

निघताना धाकटीने चाचरत नाटकाचं विचारलं. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, काम काय करायचं असतं.

"मरायचं असतं," धाकटी म्हणाली. "अख्खा अंक पडून राहायचं."

डॉक्टरांनी गंभीरपणे विचार केला आणि परवानगी दिली. डोक्याखाली मात्र उंच उशी हवी, म्हणाले.

नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. थोरली तिसऱ्या रांगेत बसली, इस्त्रीच्या शर्टात, पाठ ताठ. एका बाजूला तिची डॉक्टर विद्यार्थिनी होती, दुसऱ्या बाजूला एक अनोळखी, नीटनेटके गृहस्थ. दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला. जांभळ्या झग्यातली मावशी उंच उशीवर डोकं टेकवून मेलेली होती. नातेवाईक भांडायला लागले. उंच गृहस्थाने मावशीची खुर्ची मागितली, रुमालवाल्या बाईने तिचा आरसा मागितला, आणि प्रेक्षक पोट धरून हसायला लागले. डॉक्टर तर इतकी हसली की तिने पुढच्या खुर्चीला डोकं टेकलं.

थोरली मात्र भांडणाकडे पाहतच नव्हती. तिची नजर त्या जांभळ्या झग्यावर होती, छातीपाशी, जिथे शिवण किंचित वर यायची आणि खाली जायची, पुन्हा वर यायची आणि खाली जायची.

शेजारच्या गृहस्थांनीही ते पाहिलं असावं. ते तिच्याकडे झुकले.

"प्रेत श्वास घेतंय," ते नाराजीने कुजबुजले. "अगदी स्पष्ट दिसतंय."

थोरलीने नजर हलवली नाही.

"घेऊ दे," ती म्हणाली.